जिप्सीच्या हेडमधील प्लगचे आटे: उद्यमबागेत करून घेतलेली बुशची दुरुस्ती

मारुती जिप्सीच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधील, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणातील, स्पार्क प्लगचे आटे गेले की हेडच बदला, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान मशीन शॉपमध्ये माझ्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या जिप्सी किंगचे हेड दुरुस्त करून घेतल्यावर मी खात्रीने सांगतो की, हेडला तडा गेलेला नसेल तर ते भंगारात घालण्याचे कारण नाही. मात्र त्यात काय बसवतात आणि कसे बसवतात, यावर सारे अवलंबून आहे.

बिघाडाचे मूळ आधीच्या एका सर्व्हिसिंगमध्ये होते. तिथे नवा प्लग बोटांनी न चढवता थेट पान्याने फिरवला गेला, तो तिरका चढला आणि त्याच्या पोलादी आट्यांनी ॲल्युमिनियमचे मऊ आटे कापून काढले. पुढे जांबोटी सोडून कणकुंबीचा चढ लागला की त्या सिलिंडरमधून फुसफुस आवाज येई, गाडीचा दम कमी होई आणि प्लगच्या बुडाशी काजळी जमलेली दिसे.

शॉपच्या मालकांनी हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेची गुंडाळी, आणि कॉलर असलेले सलग पोलादी बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली छोटी नळी, अशा दोन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. "हेलिकॉइल स्वस्तात होईल, पण कधीतरी प्लगबरोबर तीच बाहेर येईल. बुशच घालूया की, परत बघायला नको," असे ते म्हणाले, आणि ते मला पटले. एकदा घट्ट केला की क्वचितच उघडावा लागणारा बोल्ट असेल तर हेलिकॉइल उत्तम. प्लग मात्र पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

हेड गाडीवर असतानाच काम उरकण्यास त्यांनी साफ नकार दिला, कारण टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवताना निघणारा चुरा सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका असतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून, थोडे पुढे आणि थोडे मागे असे फिरवत त्यांनी आटे पाडले. भोक जुन्या भोकाच्या अक्षाशी जुळते आहे ना, हे ते दर टप्प्याला तपासत होते. कॉलर हेडच्या पृष्ठभागाशी समतल बसेल एवढी बैठक कापली, कारण ती वर राहिली तर प्लग तेवढाच मागे राहतो. ज्वलनकक्षात डोकावणारी बुशची कडही त्यांनी घासून सपाट केली. तिथे पातळ धातू उघडा राहिला तर तो तापून लाल होतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. हे काम बाहेरून कोणाला दिसणारही नव्हते, तरी त्यांनी ते केले, याचे मला फार मोल वाटते.

खर्च स्वस्त म्हणता येणार नाही. बुशपेक्षा हेड उतरवण्या-चढवण्याची मजुरी, हेडखालचे नवे गॅस्केट आणि हेडच्या सपाटीची तपासणी यांतच अधिक पैसे गेले. नवे हेड घेण्यापेक्षा मात्र हे बरेच कमी पडले. इंजिनावर टायमिंग बेल्ट आहे, तेव्हा तोही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे.

माझी तक्रार एकच आहे. हेड परत देताना प्लग किती घट्ट करायचा, हे त्यांनी सांगितले नाही, आणि प्लग जास्त आवळल्यानेही आटे जातात. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये 14 मि.मी.च्या वॉशरवाल्या प्लगला 25 ते 30 न्यूटन-मीटर पुरतात. किती जोर लागतो ते मोजणारा टॉर्क पाना नसेल तर थंड इंजिनावर प्लग बोटांनी शेवटपर्यंत चढवावा आणि वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा द्यावा. मुलामा दिलेल्या आट्यांना तेल वा ग्रीस लावू नये, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून हेड घेऊन येणाऱ्यांनी आपला जुना प्लगही सोबत आणावा. व्यास 14 आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, 1.25 मि.मी. एकसारखे असले तरी आट्यांची लांबी निरनिराळी असते, माझ्या गाडीत ती 19 मि.मी. आहे, आणि बुश त्या लांबीचेच निवडावे लागते.