हृदयविभागातील शुश्रूषा: चार दिवसांचा अनुभव

वडिलांना एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचा) त्रास झाल्याने आम्ही चार दिवस एका रुग्णालयाच्या हृदयविभागात होतो आणि तेथील परिचारिकांचे काम जवळून पाहता आले. पहिल्याच रात्री मॉनिटरचा गजर वाजला, तेव्हा परिचारिकेने पडद्याकडे पाहत न बसता आधी वडिलांना हाक मारली, नाडी पाहिली आणि मगच घामाने सुटलेला छातीवरचा इलेक्ट्रोड बदलला. या विकारात काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून एक परिचारिका स्टेथोस्कोपने छातीवरचे आणि दुसरी त्याच वेळी मनगटावरचे ठोके पूर्ण ६० सेकंद मोजत असे. एकदा हे आकडे ११२ आणि ९४ आले आणि ही तफावत लगेच डॉक्टरांना कळवली गेली. (घरच्या रक्तदाब यंत्रावर विसंबून राहणाऱ्या आम्हाला हे नवीनच होते.) डिगॉक्सिन हे हृदयाचे ठोके मंद करणारे औषध देण्यापूर्वीही नाडी मोजली जाई, आणि ती ६०च्या खाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी दिली जात नसे. घरी सोडताना मात्र घाई झाली. वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध चालू असताना आहारातील पालेभाज्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते, हे आम्ही विचारल्यावरच सांगण्यात आले.