क्षय की स्क्रब टायफस: पेशीतले दोन भाडेकरू

क्षय आणि स्क्रब टायफस, दोन्हींचे जंतू आपल्याच पेशीत राहतात; मग दोघांत जास्त फसवा कोण? क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशीने गिळला, तरी ती त्याला ज्या पिशवीत कोंडते, त्या पिशवीतच बिऱ्हाड थाटतो. पिशवीचा पीएच 6.4च्या आसपासच रोखतो, म्हणजे ती फार आम्ल होऊ देत नाही, पाचक लायसोसोमना (पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्यांना) तिला भिडू देत नाही आणि पेशीचंच कोलेस्टेरॉल खात राहतो. सुस्त पडून राहणाऱ्याला मारायला म्हणूनच 6 महिने औषध.

स्क्रब टायफसच्या जंतूला, ओरिएन्शियाला, मात्र पिशवी नकोच. कुळागरात किंवा काजूच्या डोंगरावर गवतातली माइटची (कोळ्याच्या जातकुळीतल्या सूक्ष्म किड्याची) बारीक अळी चावली की तो पेशीत शिरतो, पिशवी फोडून पेशीद्रवात येतो, तयार अमिनो आम्लं उचलतो. पेशीबाहेर वाढतच नाही, त्यामुळे रक्ताचं नेहमीचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) कोरं! दोघांत फसवा हाच. पेनिसिलिन कुचकामी, डॉक्सिसायक्लिन पेशीत पोचतं, ताप बहुधा 48 तासांत उतरतो. काखेत, कमरपट्ट्याखाली चाव्याच्या जागेची काळी खपली शोधावी. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही.