नागपुरात 2008 ची सेडिया: पावसाळा, हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा चालवून झाल्यावर

मित्सुबिशीची जुनी सेडिया घेऊन आता तिन्ही ऋतू झाले, मे महिन्याचं ऊनही काढलं, म्हणून आता लिहितो. मला गाडी प्रचंड आवडली आहे आणि परत घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन, पण जुनी जपानी स्पोर्टी गाडी शोधणाऱ्यांपैकी बहुतेक जण बोनेट उघडून इंजिनच पाहत बसतात आणि पिकअप किती म्हणून विचारतात, ते मला पटत नाही. या गाड्यांत पैसे पत्र्याचे आणि सस्पेन्शनचे द्यायचे असतात. इंजिन आपल्याकडचे मिस्त्री उघडून बांधू शकतात, पण एकदा वाकलेली चेसिस कोणीच पहिल्यासारखी करून देत नाही.

आधी हे सांगतो की सेडियाच का. सुप्रा, आरएक्स-7, स्कायलाइन या जपानी स्पोर्ट्स गाड्या डोक्यात असतातच, पण आपल्या देशात 3 वर्षांपेक्षा जुनी वापरलेली कार आयात करताच येत नाही, त्यामुळे नव्वदच्या दशकातली जपानी गाडी जपानहून आणायचा विषय तिथेच संपतो. म्हणजे जे इथे शोरूममधून विकलं गेलं त्यातच शोधायचं. त्यात होंडा सिटीची 1.5 व्हीटेक, सिव्हिक 1.8 आणि सेडिया या तीन गाड्या माझ्या डोळ्यासमोर होत्या. सिटी व्हीटेकच्या चांगल्या गाड्या आता फारच कमी उरल्या, ज्या आहेत त्या मालक सोडत नाहीत. सिव्हिक 132 पीएसची, पळते मस्त, पार्टही मिळतात, पण मला चांगल्या अवस्थेतली जी सापडली तिची किंमत माझ्या बजेटच्या पार बाहेर होती.

सेडिया म्हणजे 2.0 लिटरचं 4जी94 पेट्रोल इंजिन, 115 पीएस ताकद, 175 एनएम टॉर्क, 5 गिअर मॅन्युअल. आजच्या टर्बो गाड्यांसमोर हे आकडे काहीच नाहीत. पण मित्सुबिशीने 2001 मध्ये इव्हो 7 ही रॅलीवाली लान्सर इव्होल्यूशन आणली ती याच सेडियाच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, पुढे इव्हो 8 आणि 9 पण त्यावरच. इव्होचं टर्बो इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्ह यात नाही, ही साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पण मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं आपापली वेगळी वर-खाली होतात, एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूला जात नाही. ही गाडी भारतात 2006 मध्ये आली, हिंदुस्तान मोटर्स तमिळनाडूत तिरुवल्लूरला बनवायची, आणि नंतर कितीतरी वर्षं आपल्याकडच्या रॅलीत सेडियाच पळत होत्या. रॅली ड्रायव्हर गौरव गिल, ज्यांना 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेही रॅलीत सेडिया चालवलेले. कच्च्या रस्त्यावर उड्या मारून टिकणारी गाडी आहे ही, उगाच नाही म्हणत.

पण याच कारणाने एक काळजी घ्या. रॅलीत किंवा ट्रॅकवर वापरलेल्या गाड्या नंतर सीट-कार्पेट घालून परत विकायला येतात. म्हणून मी प्रत्येक गाडीचं कार्पेट उचलून खालचा पत्रा पाहत होतो, रोल केजचे (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी पाइपच्या पिंजऱ्याचे) बोल्ट मारलेली भोकं किंवा वेल्डिंगची खूण दिसते का ते. पुढचे शॉकअप जिथे वर बोल्ट होतात त्या टॉवरच्या कडा पाहायच्या, डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहायचा, कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमध्ये केलेलं काम हात फिरवला की कळतं. दरवाज्याच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असल्या तं दरवाजा कधीतरी उतरला आहे. काचांवर छापलेलं बनवल्याचं वर्ष एकमेकांशी जुळतं का तेही पाहा. हे सगळं दुपारच्या उन्हात करायचं, संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या लाइटखाली कोणतीही गाडी चांगलीच दिसते.

माझी गाडी शहरातलीच, एमएच-31, एकाच घरातली, कंपनीचा रंग थोडा उडालेला. काही मॉडिफाय केलेलं नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. विकणाऱ्या काकांना मी आदल्या दिवशीच फोन करून म्हटलं, "काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका," आणि त्यांनी खरंच केली नाही. थंड इंजिन चालू करताना निळा धूर नाही, टॅपेटचा आवाज थोडा, तोही एका मिनिटात गेला. ऑइलचं झाकण आतून साफ, कूलंटला गंजाचा रंग नाही. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली, कटकट आवाज आला नाही म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट ठीक. दुसऱ्या गिअरला उतरताना किंचित अडत होती. आमच्या मिस्त्रींनी खाली झोपून टॉर्च मारला आणि म्हणाले, "भाऊ, बुश सगळे गेले आहेत, शॉकअपचं ऑइल बाहेर आलं आहे, पण पत्रा कुठेच वाकला नाही, घेऊन टाका." बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर. व्यवहार दोन लाखांच्या आत झाला.

कागदांबद्दल थोडं, काहून की इथे लोक फसून राहिले. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, मग 5-5 वर्षांनी रिन्यू. माझी 2008 ची, आधीच्या मालकांनी 2023 मध्ये रिन्यू केली, म्हणजे 2028 पर्यंत निश्चिंत. एप्रिल 2022 पासून रिन्यूची फी 600 वरून 5000 झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ती 10000 केली, वरून पर्यावरण कर वेगळा, हे भाव ठरवतानाच धरा. दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचं प्रकरण आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात मिळून राहिल्या, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, फिटनेस आणि नंबर बदलणं हे सगळं जोडलं की स्वस्त काही उरत नाही. विम्याच्या जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, पाहा, तो मधल्याच वर्षी शून्य झाला असला तं त्या वर्षी काय झालं ते सरळ विचारा.

घेतल्यावर पहिलं काम टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे ऑइल आणि कूलंट. या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे, आणि जुन्या मालकाने "बदलला होता" म्हटलं तरी बिल नसलं तं बदलूनच टाकायचा. त्यानंतर चारही शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग. टायरमध्ये भरपूर नक्षी शिल्लक होती पण बाजूचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी कोड पाहिला तं फार जुने निघाले, रबर दगडासारखं झालं होतं, तेही बदलले. या सगळ्यात किमतीच्या साधारण निम्मे पैसे परत गेले आणि ते मी आधीच बाजूला ठेवले होते. पूर्ण बजेट गाडीच्याच किमतीत घालू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

आणि मग ती खरी गाडी झाली. बुश बदलायच्या आधी आणि नंतर यात इतका फरक आहे की आधीची टेस्ट ड्राइव्ह मोजूच नये असं वाटलं. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे, नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगपेक्षा जड, पण रस्ता कसा आहे, टायर कुठपर्यंत धरून आहे हे सगळं तळहाताला कळतं. समृद्धीवर 120 च्या मर्यादेत ती शांतपणे जाते, थोडा इंजिनचा आवाज येतो, पण सरळ रस्त्यावर ही गाडी घेण्यात काही अर्थ नाही. परतवाड्यापासून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलो तेव्हा कळलं की मी काय घेतलं आहे. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात सोडायची, मध्येच खड्डा किंवा तुटलेला डांबराचा पॅच आला तरी मागची बाजू हलत नाही, ओळ सोडत नाही, आणि वेग तरी किती, पन्नास-साठ. वेग न वाढवता इतका आनंद देणारी दुसरी गाडी मी चालवली नाही. घाटात फार वर आरपीएम नेण्याची गरजही पडत नाही, 2.0 लिटरची ताकद खालूनच मिळते.

शहरात मात्र ती तितकी सोपी नाही. सीताबर्डी, इतवारीत क्लच जड लागतो, बसायला खाली आहे म्हणून आईला उतरताना हात द्यावा लागतो, आणि आपल्याकडचे गल्लीतले गतिरोधक तिरपे घ्यावे लागतात नाहीतर खाली घासते. सिमेंट रोडवर टायरचा आवाज भरपूर येतो. अ‍ॅव्हरेज लिटरला शहरात 8-9 किमी, हायवेला 12-13, एसी लावून. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आहे आणि ही गाडी त्या काळातली नाही, त्यामुळे फ्युएल लाइनचे रबरी पाइप मी नवे टाकले.

उन्हाळा ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. 45 डिग्रीत वर्धा रोडवरच्या सिग्नलला एसी लावून उभं राहणं म्हणजे रेडिएटरची खरी परीक्षा. मार्चमध्येच रेडिएटर काढून साफ केला, झाकण नवं लावलं, दोन्ही पंखे आणि त्यांचे रिले तपासून घेतले, कूलंटमध्ये नळाचं पाणी एक थेंबही टाकलं नाही. मीटरचा काटा पूर्ण मे महिना मधल्या रेषेवरून हलला नाही. एसी दुपारी थंड व्हायला वेळ घेतो, मागे बसणाऱ्यांना दहा-पंधरा मिनिटं गरम होतं. डॅशबोर्डचं प्लास्टिक आणि दरवाज्याचे रबर मात्र उन्हाने खराब होतात, कव्हर किंवा सावली पाहिजेच.

पार्टचा विषय सगळे विचारतात. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, बुश, क्लच प्लेट हे मिळतं, पण नागपुरात काउंटरवर जाऊन हातात मिळेल असं नाही. पार्ट नंबर काढून दिल्लीच्या कश्मीरी गेटला किंवा चेन्नईला फोन लावायचा आणि वाट पाहायची, त्यामुळे घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर पाहिजे. हेडलाइट, बंपर, काच, टेल लाइट या गोष्टी मात्र खरंच दुर्मिळ आहेत, जुन्या मालातून शोधाव्या लागतात, म्हणूनच मी सुरुवातीपासून पत्रा-पत्रा म्हणून राहिलो. थोडी ठोकलेली सेडिया स्वस्तात मिळत असली तरी सोडून द्या, एका बंपरसाठी महिने जातात. मी स्वतः एक टेल लाइट आणि पुढच्या ब्रेकचा सेट घेऊन घरी ठेवला आहे.

राहिलेलं काम म्हणजे दुसऱ्या गिअरचं अडणं. गिअर ऑइल बदलल्यावर बरंच कमी झालं, फक्त सकाळी थंडीत जाणवतं. मिस्त्रींचं मत आहे की सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून बॉक्समध्ये असते ती) घासली आहे पण अजून बॉक्स उघडायची घाई नको, आधी रिंग हातात येऊ द्या, मग उघडू. रिंगची ऑर्डर दिली आहे. कोणाकडे 4जी94 च्या गिअरबॉक्सचं काम केलेला माणूस नागपूर किंवा अमरावतीकडे माहीत असेल तर नक्की सांगा, आणि कोणी सेडिया पाहायला जात असेल तर मला सोबत घेऊन चला, रविवारी मी मोकळा असतो.