जसंच्या तसं की बेतलेलं? मुलाखतींवरून नाटक करणाऱ्यांसाठी

मुलाखती घेऊन झाल्यात, मोबाइलमध्ये दहा-बारा तासांचं रेकॉर्डिंग पडून आहे आणि आता ग्रुपमध्ये वाद सुरू झालाय: माणसांचे शब्द जसेच्या तसे रंगमंचावर आणायचे, की त्यातून पात्रं-प्रसंग बेतून आपलं नाटक लिहायचं? आमच्या हौशी मंडळींनी दोन्ही करून पाहिलंय आणि तेही त्याच चौदा मुलाखतींवरून, म्हणून हे लिहितोय.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर कामाला येणारे मजूर हा आमचा विषय होता. मुकादमाकडून उचल घ्यायची, टेम्पो भरून यायचं, दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत राहायचं आणि छाटणी, पेस्ट (काडीला लेप लावणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी करत हंगाम काढायचा. पहिल्या वर्षी आम्ही बेतलेलं नाटक केलं, दुसऱ्या वर्षी जसंच्या तसं.

बेतलेल्याची बाजू आधी मांडतो, कारण पुढे माझ्याकडून तिच्यावर थोडा अन्याय होणार आहे. त्याची ताकद आटोपशीरपणात आहे. सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचाचं १९७८चं ‘मशीन’ आठवा. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकल स्टँड आणि कँटीन मागितलं, पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, सहा कामगार गेले. त्यावरून उभं राहिलेलं पथनाट्य जेमतेम १३ मिनिटांचं. कामगार, मालक, पहारेकरी सगळे मिळून एक यंत्र होतात आणि ते यंत्र बंद पडतं. कितीही मुलाखती घ्या, कोणी आपणहून ‘आम्ही यंत्र आहोत’ असं बोलत नाही. ते लेखकालाच सुचावं लागतं. आमचं जसंच्या तसं सव्वा तासाचं झालं आणि ते नाक्यावर उभं राहून कोणी बघत नाही.

दुसरं म्हणजे माणूस लपवता येतो. दोन बायकांची एक करायची, गाव बदलायचं, तीन मुलींचे दोन मुलगे करायचे. जसंच्या तसंमध्ये नाव बदलून फारसं काही साधत नाही. ‘एक बोट नसलेली, नवरा गुजरातेत’ एवढं कानावर पडलं की मुकादम पहिल्या मिनिटाला ओळखतो. तुमच्या विषयात बोलणाऱ्याची रोजी जाण्याची भीती असेल, तर पुढचं वाचूही नका. बेतलेलंच करा.

आता मला जे खटकलं ते. आमच्या बेतलेल्या नाटकात डिपिंगचा प्रसंग होता. मांडवाखाली उभं राहून दिवसभर हात वर, जीए या संजीवकाच्या पाण्याचा मग घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, काढायचा, पुढचा. त्या प्रसंगाच्या शेवटी बाई म्हणते, ‘द्राक्षं तुमची गोड होतात, कारण खारट घाम आम्ही आमच्याकडेच ठेवतो.’ प्रत्येक प्रयोगात टाळ्या. नंतरच्या चर्चेत लोक उठून सांगायचे, ‘ती मजूर बाई काय बोलून गेली हो!’ एकाने ते वाक्य स्टेटसला लावलं, खाली ‘एका आदिवासी भगिनीचे उद्गार’.

वाक्य माझं होतं. नाशिकच्या सिडकोतल्या घरी, रात्री पंख्याखाली बसून लिहिलेलं.

पहिल्यांदा मजा वाटली, नाही कशाला म्हणू. पण पाचव्या-सहाव्या प्रयोगाला घशात अडकायला लागलं. चर्चेत एक बागायतदार उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘नाटकासाठी थोडं वाढवून सांगावं लागतं, आम्ही समजू शकतो.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजुरी, उचल, टेम्पो, सगळं खरं होतं, पण त्या एका वाक्यामुळे बाकीच्यालाही ‘घातलेलं’ म्हणायची सोय झाली. ती ओळ काढून पाहिली, तर प्रसंग बसला. म्हणजे तो उभा होता माझ्या ओळीवर, बाईंच्या बोलण्यावर नाही.

दुसऱ्या वर्षी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. ज्या बाईंवरून तो प्रसंग बेतला होता, त्या डिपिंगबद्दल दोनच वाक्यं बोलल्या होत्या. एक, रात्री झोपल्यावरही हात वर जातो. दुसरं, मगाला कान असता तर बरं झालं असतं. बाकी अर्धा तास त्या घरी ठेवून आलेल्या गाभण शेळीबद्दल बोलत होत्या. सासू तिला पाणी पाजते की नाही, व्याली तर जवळ कोण असेल. (बोली त्यांची वेगळी, मला नीट लिहिता येत नाही, म्हणून इथे साधं करून लिहितोय.) बेतलेल्या नाटकात शेळी मी पहिल्याच खर्ड्यात उडवली होती, विषयाला धरून नाही म्हणून. जसंच्या तसंमध्ये ती सबंध ठेवली. प्रयोगानंतर लोक विचारायचे, शेळीचं पुढे काय झालं. ‘हे खरं का?’ असं मात्र कोणी विचारलं नाही, बागायतदारांनीही नाही.

आता त्याचे तोटे. एक तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला आम्हाला पाच-सहा तास लागायचे, आणि ‘अं’, ‘म्हणजे’, अर्धवट सोडलेली वाक्यं उतरवली नाहीत तर सगळा खटाटोप वाया. प्रयोगाआधी मंजुरी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवल्यानंतर एखादी बाई ‘माझं काढा’ म्हणाली तर काढावंच लागतं, आणि मधलं भोक बुजवायला तुमच्याकडे काही नसतं.

सगळ्यात मोठी फजिती बोलीची झाली. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात आमच्या मुलीने सुरगाण्याकडचा हेल अगदी हुबेहूब काढला आणि प्रेक्षक हसले. शेळीवर नाही, हेलावर. गावाकडची बोली आली की विनोद येणार, ही सवय आपल्या रंगभूमीनेच लावलेली. लंडनमधल्या नाटककार अलेकी ब्लाइथ यांच्या पद्धतीने नटांच्या कानात मूळ रेकॉर्डिंग लावूनही पाहिलं, पण एकाचा ब्लूटूथ तुटला आणि तो ऐन वाक्यात गप्प उभा. शेवटी हेल सोडून दिला. शब्द, त्यांचा क्रम आणि मधले थांबे बाईंचे, आवाज आपापला, हातात कागद दिसू द्यायचा. त्यानंतर कोणी हसलं नाही.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीचं फोरम नाटक हा तिसरा रस्ता. तिथे प्रेक्षक उठून प्रसंग बदलतो. समोर मजूरच बसणार असतील तर ते जरूर पाहा, पश्चिम बंगालमधल्या ‘जन संस्कृती’ या नाट्यसंस्थेचं काम या बाबतीत मोठं आहे. आमचा प्रेक्षक बहुतेक शहरातला, म्हणून आम्ही तिकडे वळलो नाही.

हाताशी मुरलेला लेखक असेल आणि प्रयोग नाक्यावर करायचा असेल, तर बेतलेलं वाईट नाही, असं अजूनही म्हणेन. तुमचा अनुभव वेगळाही असू शकतो. मी स्वतः मात्र परत तिकडे जाणार नाही. जसंच्या तसं करणार असाल तर संमती दोनदा घ्या, एकदा रेकॉर्डिंगआधी आणि एकदा कापून-जोडून झालेलं वाचून दाखवल्यावर. आम्ही त्या बाईंना मळ्यातल्या शेडमध्ये बसून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मजुरीचा आकडा आणि गावाचं नाव काढायला लावलं. शेळी ठेवा म्हणाल्या, फक्त ती काळी नव्हती, बांडी होती, एवढं सुधारून घ्या.