३१ ऑक्टोबरला दारावरचा दिवा लावायचा की मालवायचा?

३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन. अमेरिकेत त्या संध्याकाळी मुलं वेष घालून, दिवा लागलेल्या दारोदारी खाऊ मागत फिरतात. ख्रिस्ती घराने यात उतरावं का? शाळेतून कागदी वटवाघूळ घरी आलं की आमच्या न्यू जर्सीतल्या घरात हा विषय निघतोच. नगरहून आजी व्हिडिओ कॉलवर ते बघतात आणि विचारतात, "हे काय गं भुताखेतांचं?" मी प्रोटेस्टंट, शब्बाथ शाळेत (चर्चच्या बायबल-वर्गात) वाढलेली, नवरा वसईचा कॅथलिक, त्यामुळे घरात आधीच दोन मतं. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्या वाटा चालून पाहिल्या. यंदा पहिल्यांदाच ठरवायला बसलेल्या घरांसाठी हे लिहितेय.

पहिल्या वर्षी दिवा बंद ठेवला. इथे हॅलोविनच्या रात्री अंधाऱ्या दाराची बेल सहसा कोणी वाजवत नाही, म्हणजे वाद नाही आणि खर्चही नाही. करणी-भानामतीच्या धाकातून बाहेर पडून जे घर ख्रिस्ताकडे आलं, त्याने अंगणात सांगाडे टांगावेत असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्यासाठी हीच वाट बरी. पण तिची किंमत मुलं मोजतात. "आपण ख्रिस्ती आहोत म्हणून नाही" एवढंच सांगून भागत नाही, कारण वर्गातली निम्मी ख्रिस्ती पोरं वाघ-सिंह होऊन आलेली असतात.

दुसऱ्या वर्षी चर्चच्या पार्किंगमध्ये गेलो. गाड्यांच्या डिक्क्या सजवायच्या आणि मुलांनी एका डिक्कीकडून दुसरीकडे खाऊ गोळा करत फिरायचं, त्याला ट्रंक-ऑर-ट्रीट म्हणतात. लहानग्यांसाठी सोयीचं, कारण अंधारात रस्ता ओलांडायचा नसतो. आमच्याकडे तासाभरात आटोपलं. माझी तक्रार एवढीच की सगळे चेहरे रविवारचेच. शेजारची मुलं मात्र आमच्या अंधाऱ्या दारावरून पुढे गेली.

तिसरी वाट गल्लीत उतरण्याची, पण आपल्या अटींवर. रक्त नाही, सैतानाची शिंगं नाहीत, आई-बाबांपैकी एक जण सोबत, कपड्यांवर चमकणारी पट्टी (त्या रात्री गाड्यांखाली सापडणाऱ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं, तेव्हा भुतांपेक्षा हॉर्नकडे लक्ष द्या). वर्षभर मान हलवून पुढे जाणारे शेजारी त्या संध्याकाळी दारात थांबून नाव विचारतात.

"मूळ सणच परका आहे" या आक्षेपाला मी आता फारशी घाबरत नाही. आयर्लंडच्या सॅविन या ख्रिस्ती धर्माआधीच्या केल्टिक सणाशी याचं नातं सांगितलं जातं. ते किती घट्ट यावर इतिहासकारांत वाद आहे. नाव मात्र चर्चचंच आहे: १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. आणि परकेपणाच्याच निकषावर जायचं तर मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता, तो १६८१ पर्यंत टिकला. आपण नाताळ सोडला का? उलट करंज्या-चकल्यांची ताटं शेजारी पाठवतो.

म्हणून चौथी वाट मला सगळ्यात आवडते: सणाला त्याचा जुना अर्थ परत द्यायचा. प्रोटेस्टंट घरात हे सोपं, कारण ३१ ऑक्टोबर १५१७ हीच मार्टिन ल्यूथरच्या ९५ प्रबंधांची तारीख, जिथून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली असं मानतात. पण पाच वर्षांच्या पोराला प्रबंधांत काय रस? कॅथलिकांकडे संतांच्या गोष्टी जास्त. नवऱ्याने थोरल्याला गोन्सालो गार्सिया केलं. हे आपल्या वसईचे फ्रान्सिस्कन ब्रदर. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले, भारतात जन्मलेले पहिले. तपकिरी झगा, कमरेला दोरी, डोक्यावर टोपडं. पहिल्याच दारात आजोबांनी कौतुकाने विचारलं, "जादूगार का रे तू?" पोराने मग पायरीवर उभं राहून नागासाकीची अख्खी गोष्ट सांगितली. मागे रांग लागली होती.

या वाटेला कष्ट फार. झगा शिवायचा, गोष्ट पाठ करून घ्यायची, शिवाय २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवसही पाळायचा. त्या दिवशी वसईत घरची माणसं कबरी साफ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. दीर कबरस्तानातून व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा मुलांना पणजोबांची कबर दिसते. सांगाड्यांच्या सजावटीशेजारी हे ठेवलं की मरणाची थट्टा आणि मरणाची आठवण यांतला फरक त्यांना आपोआप कळतो.

दोन घरांचं एकच उत्तर येईल असं नाही. आपल्या मराठी बायबलमध्ये पौल मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याबद्दल करिंथकरांना लिहितो, तेव्हा खाण्याची मोकळीक असूनही ज्याचं मन कच्चं आहे त्याला ठेच लागू नये, याकडे बघायला सांगतो. दिवाळीला दारात आलेल्या ताटाचं काय करायचं, हे आपल्या घरांनी याच कसोटीवर कधीच ठरवलेलं आहे. काहींनी घेतलं, काहींनी नम्रपणे परत केलं. हॅलोविनलाही तीच कसोटी लावा. घरात कोणी भुतांना खरोखर घाबरत असेल, तर डिक्कीची वाट धरा किंवा दिवा मालवा. पोर चार वर्षांच्या आतलं असेल तर कशाचीच घाई नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना मी तिसरी आणि चौथी वाट एकत्र सुचवेन.

यंदा आमच्या दारावरचा दिवा लागणार आहे. मुलीला संत सेसिलिया व्हायचंय, धाकटा डायनासोरवर अडून बसलाय. डायनासोरवर अजून तरी नगरहून हरकत आलेली नाही.