‘द ब्युरो: एक्सकॉम डीक्लासिफाइड’ – बरेच महिने खेळल्यानंतर

हा गेम घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: १९९४ चा मूळ ‘एक्स-कॉम’ खेळला आहेस का? नसेल खेळला, तर बिनधास्त घे. सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो, दोन-तीन शनिवार-रविवार छान जातील. खेळला असशील तर मात्र थोडं थांब, कारण तुझ्यासाठी उत्तर इतकं सोपं नाही. मी मूळ गेमवर जीव असलेल्यांपैकी आहे. ‘द ब्युरो’ हा त्याच मालिकेतला २०१३ चा शूटर, म्हणजे गोळ्या झाडायचा गेम. तो एकदा संपवून मी बाजूला ठेवला नाही. पातळी वाढवून पुन्हा खेळलो, अधूनमधून मूळ गेमकडे परत गेलो आणि पुन्हा इकडे आलो. त्यानंतरच हे लिहितो आहे.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलियन गॉलॉप आणि निक गॉलॉप या भावांनी केलेला हा गेम मायक्रोप्रोजने १९९४ मध्ये बाजारात आणला. युरोपात त्याचं नाव ‘यूएफओ: एनिमी अननोन’, अमेरिकेत ‘एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स’. परग्रहवासी पृथ्वीवर हल्ला करतात आणि त्यांना रोखणारी ‘एक्स-कॉम’ ही संघटना तुम्ही चालवता. त्यात दोन थर होते. वरचा थर म्हणजे फिरणारा पृथ्वीचा गोल: तळ कुठे बांधायचा, रडार कुठे लावायचं, कशावर संशोधन करायचं, पैसे कसे पुरवायचे. संघटनेला निधी देणाऱ्या १६ देशांत भारतही होता. महिनाअखेरीच्या अहवालात आपला देश आपल्यावर खूश आहे की नाराज, हे मी अजूनही सगळ्यात आधी बघतो. खालचा थर म्हणजे लढाई. वरून तिरकं दिसणारं शेत, गाव, नाहीतर पडलेली तबकडी, आणि पाळीपाळीने हलणारे सैनिक. प्रत्येकाकडे मोजके टाइम युनिट्स. सगळे चालण्यात उडवले तर कोपऱ्यावर समोर सेक्टॉइड (एका जातीचा परग्रहवासी) दिसला तरी गोळी झाडता येत नाही, आणि त्याच्याकडे युनिट्स शिल्लक असतील तर तो तुमच्या पाळीतच तुम्हाला टिपतो.

त्या गेममध्ये माणसं मरायची. ज्याला तुम्ही नाव दिलं, बढती दिली, चांगलं चिलखत दिलं, तोच मरायचा. क्रिसॅलिड नावाचा परग्रही प्राणी अंगावर आला की मेलेला सैनिक झोंबी होऊन आपल्याच लोकांवर चालून यायचा. १४ जणांना घेऊन उतरलेलं स्कायरेंजर हे आपलं विमान कधीकधी तिघांना घेऊन परतायचं. तरीही गेम संपायचा नाही. पुढच्या महिन्यात नवी भरती, नवी नावं, आणि मोहीम चालूच. सगळं सोडून पळ काढणं हासुद्धा तिथे एक वैध निर्णय होता. सेव्ह करून मागे जाता यायचं हे खरं, पण गेमची सगळी बांधणीच अशी होती की हार पचवून पुढे जाता यावं.

आता २०१० मधला राग समजून घेता येईल. त्या वर्षी २के या प्रकाशक कंपनीने जाहीर केलं की ‘एक्सकॉम’ परत येतो आहे, ‘बायोशॉक २’ करणाऱ्या २के मरीनकडून, आणि तो फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायचा गेम असेल. पन्नास-साठच्या दशकातली अमेरिका, एफबीआयचा एजंट, शत्रू म्हणून काळा, आकारहीन, चिकट पदार्थ. सेक्टॉइड नाहीत, म्यूटनसारखे जुने परग्रही शत्रू नाहीत, पाळ्या नाहीत, पृथ्वीचा गोल नाही. चाहत्यांचा एकच सूर होता: नाव तेवढं उचललं. त्यात २०११ मध्ये २के चे तेव्हाचे प्रमुख क्रिस्टोफ हार्टमन यांनी मुलाखतीत सांगितलं की स्ट्रॅटेजी गेम आता काळाबरोबर राहिलेले नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं हा गेम जपला होता, स्वतः वेळ देऊन त्याचं इंजिन मुक्तस्रोत स्वरूपात नव्याने लिहायला घेतलं होतं, त्यांना हे किती लागलं असेल याची कल्पना करा. त्या लोकांना ‘बदल नको असलेले म्हातारे’ म्हणून मोडीत काढणं तेव्हाही अन्यायाचं होतं आणि आजही आहे. या मालिकेत शूटर आधीही येऊन गेला होता. २००१ चा ‘एन्फोर्सर’ ज्याने पाहिला आहे, त्याची भीती हवेतली नव्हती.

पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. जानेवारी २०१२ मध्ये फिरॅक्सिस या स्टुडिओने खरा टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ जाहीर केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आला आणि जेक सॉलोमन यांच्या चमूने दाखवून दिलं की या प्रकाराला मरण आलेलं नाही. शूटर मात्र बदलत राहिला. फर्स्ट-पर्सनचा थर्ड-पर्सन (पात्राच्या खांद्यामागून दिसणारा) झाला, काळ्या चिखलाऐवजी ओळखीचे सेक्टॉइड आणि म्यूटन परतले, हाताखाली दोन एजंट आले, नावाच्या पुढे ‘द ब्युरो’ लागलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो एकदाचा बाहेर पडला. दोनच महिन्यांत स्टुडिओतल्या बहुतेकांची नोकरी गेल्याची बातमी आली. या लोकांनी एका गेमसाठी तीन गेमइतकं काम उपसलं होतं आणि त्याच्या खुणा आत जागोजागी दिसतात.

आता प्रत्यक्ष खेळाबद्दल. साल १९६२. विल्यम कार्टर हा सीआयए एजंट ग्रूम रेंज या लष्करी तळावर एक पेटी पोचवायला येतो आणि तिथेच हल्ला होतो. पहिला तासभर हा गेम साधा कव्हरमागे (आडोशाला) लपून गोळ्या झाडायचा वाटतो. तेवढ्यावरून मत बनवू नका. खरी गंमत ‘बॅटल फोकस’मध्ये आहे. बटण दाबलं की वेळ अतिशय मंद होतो आणि एजंटांना हुकूम देणारं चक्र उघडतं: तू त्या भिंतीमागे जा, तू इथे टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) लाव. वेळ पूर्ण थांबत नाही, ही यातली खरी मेख आहे. तुम्ही विचार करत असताना समोरचा ग्रेनेड हळूहळू हवेतून येतच असतो. मूळ गेममध्ये पाळी संपवण्याआधी चहा करून येता यायचा, इथे ती सोय नाही. पण दबावाखाली चटकन योजना आखण्याची एक वेगळीच झिंग आहे आणि ती मला मनापासून आवडली.

एजंटांचे चार प्रकार आहेत: कमांडो, रेकॉन, इंजिनियर आणि सपोर्ट. सुरुवातीला मी रेकॉन आणि कमांडो घेऊन फिरायचो. पुढे सगळ्यात जास्त मजा इंजिनियर आणि सपोर्टच्या जोडीत आली. टरेट एका बाजूला लावून शत्रूचं तोंड तिकडे वळवायचं, सपोर्टचं कवच मधोमध टाकायचं, कार्टरच्या ‘लिफ्ट’ या शक्तीने कव्हरमागचा आउटसायडर (परग्रही सैनिक) हवेत उचलायचा आणि तिघांनी मिळून त्याला तिथेच संपवायचं. हे जमून आलं की जी खुशी होते ती चांगल्या टॅक्टिकल गेमचीच असते, केवळ नेमबाजीची नव्हे. म्यूटन आला की नुसती बंदूक चालवणारा मरतो. त्याला बाजूने घेरावंच लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की सोप्या पातळीवर खेळूच नका. सोप्यावर एजंट नुसते सोबतीला असतात, तुम्ही एकटेच सगळ्यांना लोळवता आणि मग ‘हा एक्सकॉम नाहीच’ म्हणून तक्रार करता. वरच्या पातळ्यांवर कार्टर एकटा काहीच करू शकत नाही. तिथे दर काही सेकंदांनी बॅटल फोकस उघडावा लागतो, कारण एजंट स्वतःच्या बुद्धीने चांगली जागा निवडत नाहीत. त्यांना उघड्यावर उभं राहण्याची भारी हौस आहे, आणि खूप महिने खेळूनही मला याचा त्रास होतोच.

तळाच्या बाबतीत मात्र गेम फारच पोकळ आहे. सोव्हिएत युनियनशी युद्ध झालं तर, म्हणून बांधलेला भूमिगत तळ. दिसायला सुंदर. टोप्या, सिगारेटचा धूर, मोठमोठ्या यंत्रांवर काम करणारी माणसं. त्यात तुम्ही तासन्‌तास हिंडू शकता, लोकांशी बोलू शकता. पण ठरवण्यासारखं काही नाही. पैसा नाही, म्हणून पैशाची चणचण नाही. संशोधनाची निवड जवळपास नाही, नवी हत्यारं बहुतेक करून रणांगणावरच मिळतात. मोकळे एजंट ‘डिस्पॅच’ मोहिमांवर पाठवता येतात आणि ते अनुभव कमवून परततात, पण ही सगळी आकडेमोड पडद्याआड होते. जुन्या गेममध्ये दोन तबकड्या एकाच वेळी उतरल्या तर कोणत्या देशाला वाऱ्यावर सोडायचं, याचा घोर लागायचा. इथे गोष्टच एका देशापुरती आहे. अमेरिकेबाहेरचं जग जवळजवळ नाहीच, त्यामुळे भारतही गेला आणि महिनाअखेरीचा अहवालही गेला.

खूप वेळ खेळल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली. चाहते तेव्हा पाळ्यांबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल बोलत होते, पण जे गेलं ते त्याहून खोलवरचं होतं. इथेही एजंट कायमचा मरतो, हे मान्य. पाचव्या स्तरापर्यंत वाढवलेला सपोर्ट गेला तर दुःख होतं. पण कार्टर मेला की काय होतं? चेकपॉइंट, म्हणजे थोडं मागे जाऊन तिथून पुन्हा सुरुवात. मिशन फसलं तर? पुन्हा चेकपॉइंट. मिशन सोडून पळता येत नाही, हरून पुढे जाता येत नाही. गोष्टीला कार्टर हवाच आहे, म्हणून गेम त्याला मरू देत नाही. मूळ ‘एक्स-कॉम’मध्ये अपरिहार्य असा कुणीच नव्हता. अगदी शेवटच्या सायडोनियाच्या मोहिमेतही, मंगळावर कोण उतरणार हे आधीचे सगळे मृत्यू ठरवायचे.

कॅमेरा हा गुन्हा नव्हता याचा पुरावा खुद्द ज्युलियन गॉलॉप यांनीच दिला. २०१९ च्या त्यांच्या ‘फीनिक्स पॉइंट’मध्ये प्रत्येक गोळी झाडताना सैनिकाच्या नजरेतून स्वतः नेम धरता येतो, हात की पाय की हत्यार हे निवडता येतं. दृष्टिकोन शूटरचा, पण गेम शंभर टक्के त्याच वंशाचा, कारण तिथे माणसं जातात आणि मोहीम चालू राहते. ‘सिंडिकेट’चंही हेच सांगता येईल. बुलफ्रॉगचा १९९३ चा गेम चार सायबॉर्ग एजंटांना वरून चालवण्याचा होता. २०१२ मध्ये स्वीडनच्या स्टारब्रीझने त्याचा फर्स्ट-पर्सन शूटर केला. त्याची एकट्याने खेळायची गोष्ट विसरण्याजोगी, पण चौघांनी मिळून खेळायचा भाग उत्तम, कारण तिथे चार एजंट परत आले.

तांत्रिक बाजूवर फार लिहिण्यासारखं नाही. अनरियल इंजिन ३ वर केलेला गेम आहे, आजच्या साध्या लॅपटॉपवरही छान चालतो. हुकूम द्यायला मला कंट्रोलरपेक्षा माउस बरा वाटला. चक्रातून पर्याय पटकन उचलता येतो आणि जागाही नेमकी दाखवता येते.

यापुढे गोष्टीचा शेवट सांगतो आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

शेवटाकडे कळतं की आपण कार्टर नव्हतोच. कार्टरच्या आत एक इथिरियल (अशरीरी परग्रहवासी) आहे, असारू, आणि त्याला चालवणारे आपण म्हणजे तोच. इतके तास पाठीमागून जी नजर त्याच्यावर होती ती असारूची होती. कार्टरला हे उमगतं, तो चवताळतो, आणि आपल्याला स्वतःमधून हुसकावून लावतो. मग आपण दुसरं शरीर निवडतो: संचालक फॉक, शास्त्रज्ञ वियर किंवा एजंट वीव्हर. पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा मी थक्क झालो. वरून माणसं हलवणारा, त्यांना मरायला पाठवणारा तो अदृश्य हात, जो प्रत्येक स्ट्रॅटेजी गेममध्ये खेळाडूचा असतो, त्याला या शूटरने चेहरा दिला आणि ज्याला हलवलं त्याच्याकडून जाब विचारायला लावला. संपूर्ण मालिकेत इतकं धाडसी काही मला दुसरीकडे सापडलं नाही.

आणि म्हणूनच हळहळ वाटते. शरीर बदलण्याची ही युक्ती गेमने शेवटच्या टप्प्यात एकदाच वापरली. तीच सुरुवातीपासून वापरायला हवी होती. कार्टर दुसऱ्याच मिशनमध्ये मेला असता, तर असारूने शेजारच्या इंजिनियरच्या अंगात शिरायचं होतं. तो गेला, तर सपोर्टच्या. कुणी उरलंच नाही तर तळावरून नवा एजंट बोलवायचा, आणि फसलेलं मिशन फसलेलंच ठेवून पुढे जायचं. फर्स्ट-पर्सनमध्ये गोळ्या झाडा की खांद्यामागून, असा गेम मी डोळे झाकून ‘एक्सकॉम’ म्हणून स्वीकारला असता, आणि मला वाटतं २०१० मध्ये संतापलेल्यांपैकी पुष्कळांनी स्वीकारला असता. त्यासाठी लागणारी कल्पना याच गेमच्या गोष्टीत, याच लोकांनी लिहून ठेवलेली आहे.