अझेलाइक ॲसिड १५ टक्के जेल: चौदा आठवडे लावल्यानंतर

माझं वय ४४. रोज वारज्याहून नारायण पेठेत दुचाकीने शाळेत जाते. नाक आणि दोन्ही गाल लाल, त्यावर अधूनमधून बारीक पुटकुळ्या. गव्हाळ रंगावर लाली चटकन लक्षात येत नाही, म्हणून सगळे ‘मुरूम’ म्हणायचे आणि मीही तेच धरून चालले.

पहिली चूक तिथेच झाली. घराजवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली. चार दिवसांत गाल इतके निवळले की मी ती दीड महिना लावली. त्यात बेटामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. बंद केल्यावर आग आग झाली आणि आधी कधीच नव्हत्या तिथे, ओठांच्या कडेने, पुटकुळ्या उठल्या. याचा राग मला अजून आहे. ट्यूब देणाऱ्याने एक शब्द सांगायला हवा होता.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी भिंगातून बघितलं, ‘ब्लॅकहेड्स एकही नाही, हे मुरूम नाहीत, सौम्य रोझेशिया आहे’ म्हणाल्या (म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणारा त्वचेचा जुनाट आजार) आणि हे जेल लिहून दिलं. दुकानदार म्हणाला, ‘अहो, हे तर पिंपल्सचं आहे.’ मुरमांवर ते चालतंच, पण अमेरिकेत १५ टक्के जेलला रोझेशियासाठी २००२ सालीच मान्यता मिळालेली आहे. तेव्हा बिचकू नका.

जेल पांढरं, घट्टसर. पहिले दोन आठवडे चुरचुरतं, खाजही येते. तोंड धुतल्या धुतल्या ओल्या चेहऱ्यावर लावलं की जास्तच. मी आधी मॉइश्चरायझर, मग पंधरा मिनिटांनी वाटाण्याएवढं जेल, तेही एक रात्र आड, असं सुरू केलं आणि सहन झालं. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक दिसेना, सोडून द्यावंसं वाटलं. डॉक्टरबाईंनी बारा आठवडे थांबायला सांगितलं होतं म्हणून थांबले. दहाव्या आठवड्यात पुटकुळ्या जवळजवळ गेल्या, जुने काळपट डागही फिके झाले. नाकाच्या बाजूच्या बारीक लाल रेषा मात्र तशाच आहेत. त्यांच्यावर या जेलचा उपयोग नाही.

जेलइतकाच फरक स्कार्फने पडला. एप्रिलमध्ये कर्वे रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना घट्ट बांधलेल्या स्कार्फच्या आत चेहरा नुसता उकडायचा, शाळेत पोचून सोडला की गाल लालबुंद. ऊन अडत होतं, पण उष्णता आतच कोंडत होती. आता पातळ सुती ओढणी सैल घेते, खाली झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ते झोंबत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज लाल खूण करत गेले तेव्हा कळलं, मला तिखटापेक्षा गरम जास्त बाधतं. चहा सोडला नाही, बशीत ओतून निववून पिते.

आता पुढे काय? पुटकुळ्या परत आल्या तर रात्री एकदा लावायचं १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम, त्यानेही भागलं नाही तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, असं ठरलंय. तासाभरात लाली उतरवणारं ब्रिमोनिडिन जेल मी नको म्हटलं. असर ओसरल्यावर काहींना लाली दुप्पट उसळते आणि स्टिरॉइडनंतर मला ते पुन्हा नकोय. लाल रेषांना खरा उपाय लेसर, पण उन्हाने रापलेल्या कातडीवर तो करू नये, आणि आपल्या रंगावर डाग राहण्याची भीतीही असते. म्हणून उन्हाळा सरल्यावर, कुठलं मशीन आणि किती सिटिंग्ज हे विचारूनच. हा आजार डोळ्यांतही उतरू शकतो, म्हणून सध्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतंय का, एवढं लक्ष ठेवायला सांगितलंय. तसं झालं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

पाचपैकी चार. एक गुण त्या पहिल्या दोन आठवड्यांच्या आगीचा कापला. दुसरी ट्यूब काल आणली.